ल्योझर: जर्मनीच्या वेल्फ घराण्याची चांदीची महाकाय नाणी, नवीन माणसाने सुरुवात कशी करायची

नाणी जमवणाऱ्या बऱ्याच जणांना ल्योझर पहिल्यांदा दिसतो तो कुठल्यातरी लिलावाच्या फोटोत, आणि फोटोत तो साध्या नाण्यासारखाच दिसतो, त्यामुळे त्याचं खरं प्रकरण लक्षातच येत नाही. हे नाणं सात-आठ सेंटिमीटर रुंद असू शकतं, म्हणजे पूर्ण तळहात भरतो. आपल्याकडे जुन्या घरांत राणीछाप रुपया असतो ना, एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा, तसे पंचवीस रुपये एकत्र केले की जेवढं वजन होईल तेवढं वजन एका दहा थालरच्या ल्योझरचं भरतं (थालर म्हणजे त्या काळचं जर्मनीतलं नेहमीचं मोठं चांदीचं नाणं). आणि गंमत म्हणजे त्या रुपयावरची व्हिक्टोरिया राणी याच घराण्यातली. ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गच्या वेल्फ घराण्याची हॅनोव्हर शाखा 1714 मध्ये पहिल्या जॉर्जच्या रूपाने ब्रिटनच्या गादीवर बसली आणि व्हिक्टोरिया ही त्या शाखेची तिथली शेवटची राज्यकर्ती. म्हणजे आपल्या पणजीच्या डब्यातला रुपया आणि हा ल्योझर लांबून का होईना पण नातेवाईक आहेत.

हा लेख अगदी नवीन लोकांसाठी आहे, ज्यांना नाण्यांची आवड आहे पण जर्मन नाण्यांचा गंध नाही. विकत घ्यायचं असेल तरी उपयोग होईल आणि नुसतं म्युझियममध्ये बघून समजून घ्यायचं असेल तरी होईल. माझं स्पष्ट मत असं की पहिले काही महिने खिशात हातच घालू नका, आधी ओळखायला शिका.

पहिली पायरी: हे नाणं काढलंच कशासाठी, हे समजून घ्या

हे कळल्याशिवाय बाकीचं काही नीट लागत नाही म्हणून आधी हेच. उत्तर जर्मनीत हार्त्स नावाचे डोंगर आहेत, तिथे चांदीच्या खाणी होत्या. गोस्लारजवळची रामेल्सबेर्ग खाण तर हजार वर्षांहून जास्त चालली आणि 1988 मध्ये बंद झाली. या चांदीचा मोठा वाटा वेल्फ ड्यूकांच्या हातात होता. वोल्फेनब्युटलला 1568 पासून ड्यूक युलियस राज्य करत होता, हिशोबी माणूस, याच युलियसने 1576 मध्ये हेल्मश्टेटचं विद्यापीठ काढलं. त्याने 1574 मध्ये पहिले ल्योझर पाडले आणि हुकूम काढला की प्रजेने आपापल्या ऐपतीप्रमाणे यातलं नाणं घ्यायचं, जपून ठेवायचं आणि विचारलं की दाखवायचं, खर्च मात्र करायचं नाही. म्हणजे चांदी राज्याबाहेर जाणार नाही आणि युद्धबिद्ध आलं तर घराघरात साठा तयार. नाणं असून बाजारात चालवायचं नाही, ही कल्पनाच किती वेगळी आहे बघा.

युलियस 1589 मध्ये गेला आणि पुढच्या ड्यूकांच्या काळात ल्योझरचं काम बदलत गेलं. ते नजराणा झाले. पाहुण्या राजांना, दरबारातल्या माणसांना द्यायचे, वाढदिवसाला काढायचे, कुणी वारलं तर त्याच्या स्मरणार्थ काढायचे. आणि त्या निमित्ताने जगाला दाखवायचं की बघा आमच्या डोंगरात किती चांदी आहे! 1680च्या दशकात ही परंपरा थांबली. म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे वर्षांचा खेळ, तोही मुख्यतः एकाच घराण्याचा आणि त्यामुळे शिकायला आटोपशीर.

दुसरी पायरी: वजन आणि किंमत

चित्र बघायच्या आधी वजन बघा, लिलावाच्या वर्णनात ते ग्रॅममध्ये दिलेलंच असतं. तेव्हाची जर्मन राज्यं ज्यात होती त्या पवित्र रोमन साम्राज्याच्या 1566 च्या नियमानुसार एक थालर साधारण 29.2 ग्रॅमचा आणि त्यात चांदी जवळपास 26 ग्रॅम, म्हणजे कस 889 चा. ल्योझर हे थालरच्या पटीत असतात: सव्वा, दीड, दोन, अडीच, तीन, चार, पाच, सहा, दहा आणि काही त्याहूनही मोठे. तेव्हा वजनाला 29 ने भागा, किती थालरचं नाणं ते लगेच कळतं. 87 ग्रॅमच्या आसपास असेल तर तीनचं, 116 च्या आसपास असेल तर चारचं, 145 असेल तर पाचचं. घासून थोडं कमी झालेलं असतं, ग्रॅम-दीड ग्रॅम इकडेतिकडे चालतं, पण चारचं म्हणून विकायला ठेवलेलं नाणं 104 ग्रॅम भरत असेल तर तिथेच थांबा आणि का ते विचारा.

इथे एक गोष्ट नवीन माणसाला हमखास गोंधळात टाकते. एकाच ठशातून दोनचं, तीनचं आणि चारचं अशी वेगवेगळी नाणी पाडलेली असतात. ठसे कोरणं महागडं काम, त्यामुळे ठसा तोच ठेवायचा आणि खालची चकती जाड-पातळ करायची. फोटोत दोन्ही नाणी हुबेहूब सारखी दिसतात, रुंदीही जवळपास तीच, आणि किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. मग किंमत कुठे लिहिली? बऱ्याच ल्योझरवर एक छोटी चौकट किंवा लंबगोल असतो आणि त्यात आकडा नंतर वेगळ्या पंचने ठोकलेला असतो, 2, 3, 4 असा. तो आकडा आणि वजन जुळतंय का ते बघायचं. काहींवर आकडा नसतोच, तेव्हा वजन हाच एकमेव पुरावा.

तिसरी पायरी: ड्यूक कोण, टाकसाळ कुठली

ही पायरी किचकट आहे, पण मला सगळ्यात जास्त मजा इथेच येते. वेल्फ घराण्यात भाऊबंदकी आणि वाटण्या आपल्याकडच्या कुठल्याही वाड्याला लाजवतील अशा होत्या. 17व्या शतकात मुख्य तीन गाद्या लक्षात ठेवा: वोल्फेनब्युटल, कालेनबेर्ग म्हणजे हॅनोव्हर, आणि त्सेले. त्यात चार सख्खे भाऊ होते, क्रिस्टियान लुडविग, गेओर्ग विल्हेल्म, योहान फ्रीडरिश आणि एर्न्स्ट आउगुस्ट. 1665 मध्ये थोरला क्रिस्टियान लुडविग वारला तेव्हा योहान फ्रीडरिशने त्सेले बळकावलं, मग भांडण झालं, मध्यस्थी झाली आणि शेवटी गेओर्ग विल्हेल्मला त्सेले आणि योहान फ्रीडरिशला हॅनोव्हर मिळालं. त्यामुळे 1665 च्या आगेमागे नाण्यावर कोणाचं नाव कुठल्या गादीबरोबर येतं ते बारकाईने बघावं लागतं. धाकटा एर्न्स्ट आउगुस्ट 1679 मध्ये हॅनोव्हरला आला आणि पहिला जॉर्ज हा त्याचाच मुलगा.

नाव वाचायचं म्हणजे लॅटिन अक्षरं आली, पण घाबरू नका, ठरावीक साचा असतो. यू च्या जागी व्ही कोरलेला असतो, शब्द अर्धवट तोडलेले असतात, आणि ड्यूकच्या नावानंतर बहुतेक वेळा डी आणि जी ही दोन अक्षरं येतात, म्हणजे देवाच्या कृपेने. मग ड्यूकसाठी डुक्स आणि पुढे ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गची तोडलेली नावं. चार-पाच नाणी वाचली की डोळा बसतो.

नाव पुसट असेल तर ब्रीदवाक्यावरून माणूस ओळखता येतो, कारण प्रत्येक ड्यूकचं ब्रीद वेगळं. युलियसचं होतं अलिइस इन्सर्विएन्दो कॉन्सुमोर, म्हणजे दुसऱ्यांची सेवा करता करता मी झिजतो. आउगुस्ट धाकटा, जो वोल्फेनब्युटलला 1635 पासून होता आणि 1666 मध्ये 87 वर्षांचा होऊन वारला, त्याचं जर्मन ब्रीद आलेस मिट बेडाख्ट, सगळं विचारपूर्वक. (याच माणसाची पुस्तकांची लायब्ररी वोल्फेनब्युटलला आजही आहे, त्या बाजूला गेलात तर चुकवू नका.) क्रिस्टियान लुडविगचं सिन्सेरे एट कॉन्स्टान्टर, प्रामाणिकपणे आणि ठामपणे. योहान फ्रीडरिशचं एक्स दुरिस ग्लोरिया, कठीण गोष्टींतून कीर्ती, आणि त्याच्या नाण्यावर समुद्रातल्या खडकावर उभं असलेलं ताडासारखं झाड असतं, ते झाड दिसलं की बाकी वाचायची गरजच नाही.

टाकसाळीसाठी दोन नावं पाठ करा, क्लाउसताल आणि त्सेलरफेल्ड. हार्त्समध्ये अगदी शेजारी शेजारी असलेली ही दोन गावं, 1924 मध्ये ती एक झाली. त्सेलरफेल्डची टाकसाळ 1601 ला सुरू झाली, क्लाउसतालची 1617 ला. त्सेलरफेल्डच्या खाणी घराण्याच्या शाखांमध्ये सामाईक होत्या, म्हणून तिथे वेगवेगळ्या गाद्यांच्या ड्यूकांची नाणी पडलेली दिसतात. टाकसाळीचं नाव सहसा पूर्ण लिहिलेलं नसतं, टाकसाळ-प्रमुखाची आद्याक्षरं असतात. एल आणि डब्ल्यू दिसलं तर लिप्पोल्ड वेबर, क्लाउसताल. एच आणि एस आणि बरोबर फुलीसारख्या एकमेकींवर ठेवलेल्या दोन चाव्या असतील तर हेनिंग श्ल्यूटर, त्सेलरफेल्ड. ही अक्षरं बारीक असतात, बहुतेक वेळा खालच्या भागात कुठेतरी, म्हणून भिंग हवंच. दहा पट मोठं दाखवणारं सराफाचं भिंग पुरतं.

चौथी पायरी: चित्र वाचा, घाईघाईने पुढे जाऊ नका

आता चित्र, ज्यासाठी लोक या नाण्यांच्या प्रेमात पडतात. युलियसच्या ल्योझरवर चिलखतातला ड्यूक आणि भोवती राशींची आणि ग्रहांची चिन्हं असतात. नंतरच्यांवर सगळ्यात जास्त दिसतो तो उड्या मारणारा घोडा, हे वेल्फ घराण्याचं चिन्ह, आणि दुसरा रानमाणूस, अंगावर केस, कमरेला पानं आणि हातात उपटलेलं झाड. रानमाणूस साध्या एक थालरवरही भरपूर आहे.

पण माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे 1660 च्या आसपासचे क्लाउसतालचे खाणीचे ल्योझर. वर घोडा उडी घेतोय, ढगातून एक हात बाहेर आलाय आणि घोड्याच्या डोक्यावर हार धरतोय. आणि घोड्याच्या पायाखाली अख्खा डोंगर: झाडं, झोपड्या, खाणीवरची छपरं, पाण्याची चाकं, आणि काही नाण्यांवर तर डोंगर उभा कापून आतले खाणकामगार दाखवलेत. त्या चाकांकडे नीट बघा. हार्त्सच्या खाणीत पाणी भरायचं, ते उपसायला पंप आणि पंप चालवायला पुन्हा पाणीच, म्हणून डोंगरभर तळी आणि कालवे खणले. ते आजही आहेत, रामेल्सबेर्ग आणि गोस्लारचं जुनं गाव 1992 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं आणि ही पाण्याची व्यवस्था 2010 मध्ये त्यात जोडली गेली. म्हणजे नाण्यावरचं चित्र हे कल्पनेतलं नाही, ज्या चांदीचं नाणं बनलं ती चांदी जमिनीतून कशी वर आली तेच त्या चांदीवर कोरलंय. मोठं नाणं काढण्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं, इतकं सगळं दाखवायला साध्या थालरवर जागाच नव्हती.

अशा चित्रात झीज कुठे होते तर उंच भागावर, म्हणजे घोड्याची मांडी आणि खांदा, ड्यूकच्या चित्रात नाक आणि दाढी. तिथे बारीक रेघा शिल्लक असतील तर नाणं चांगल्या अवस्थेत. एवढी मोठी चकती ठोकताना एका घावात काम व्हायचं नाही, त्यामुळे अक्षरांच्या कडेला दुहेरी सावली दिसते. हा दोष समजून नाक मुरडू नका, हे त्या काळच्या कामाचं लक्षण आहे.

पाचवी पायरी: खरं की खोटं

नकली नाणी तीन-चार जातीची. एक म्हणजे ओतीव, साचा करून धातू ओतलेला. दुसरी म्हणजे दोन बाजू वेगळ्या बनवून जोडलेली. तिसरी म्हणजे म्युझियमच्या दुकानातल्या आधुनिक आठवणी-प्रती, ज्या फसवायला बनवलेल्याच नसतात पण पुढे कुणीतरी खरं म्हणून विकतो. ओतीव नाण्याचा पृष्ठभाग भिंगाखाली साबणासारखा गुळगुळीत दिसतो, बारीक छिद्रं असतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात. कडेला सलग रेघ दिसली तर जोड आहे असं समजा.

घरी करता येण्यासारखी एक परीक्षा आहे, पाण्यातलं वजन. सराफाच्या काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवा, काटा शून्यावर आणा, मग नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. 889 कसाच्या चांदीचं उत्तर साधारण 10.3 येतं. म्हणजे 116 ग्रॅमच्या नाण्याला काटा 11.3 च्या आसपास दाखवेल. 12.9 दाखवला तर आत तांबं आहे आणि वरून चांदीचा मुलामा. डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि नंतर मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका. पण लक्षात घ्या, या परीक्षेत पास झालं म्हणजे नाणं खरं असं नाही, चांगल्या चांदीत ओतलेली नक्कलही पास होते. नापास झालं तर मात्र विषय संपला.

खऱ्या नाण्यातही लपवाछपवी असते. पूर्वी लोक ल्योझर गळ्यात घालायचे, चांदीच्या पेल्यांमध्ये आणि मगांमध्ये बसवायचे, त्यामुळे कित्येकांना कडी लावलेली होती आणि नंतर ती काढून तिथे डाख देऊन घासलेलं असतं. कडेला वरच्या बाजूला, म्हणजे घड्याळात बारा वाजतात तिथे, भिंग लावून फिरवा. भोक बुजवलेलं असेल तर तिथली चांदी वेगळ्या रंगाची दिसते. सोन्याचा मुलामा दिलेले पण सापडतात. हे सगळं वर्णनात लिहिलेलं असेल तर घ्यायला हरकत नाही, किंमत कमी पडते, लिहिलेलं नसेल तर विक्रेताच बदला.

सहावी पायरी: आता खिशात हात घाला, पण हळू

सुरुवात ल्योझरने करू नका. याच ड्यूकांचा, याच टाकसाळींचा रानमाणसाचा साधा एक थालर काही शे युरोत मिळतो, तो घ्या. तीच लॅटिन, तीच आद्याक्षरं, तीच चांदी, आणि चूक झाली तरी झेपते. ल्योझर हजारो युरोंच्या घरात असतात आणि मोठे, चांगल्या अवस्थेतले नग दहा हजारांच्या बरेच पुढे जातात.

लिलावाच्या वर्णनात वेल्टर आणि डेव्हनपोर्ट ही नावं आणि पुढे नंबर दिसतील, हे कॅटलॉगचे नंबर आहेत. डेव्हनपोर्टच्या पुढे एल एस असेल तर तो मोठ्या नाण्यांचा वेगळा क्रम. हा नंबर घेऊन जुन्या लिलावांच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये शोधा, एसीसर्च किंवा सिक्सबिडवर, आणि तेच नाणं आधी कितीला गेलं, कोणत्या अवस्थेत होतं ते उतरवून ठेवा. फोटो जुळवून बघा, कधीकधी तोच नग दहा वर्षांपूर्वी कडीच्या खुणेसकट विकलेला सापडतो आणि आता खूण गायब! लिलावात बोलीवर वीस-पंचवीस टक्के कमिशन वर लागतं आणि टॅक्स-शिपिंग वेगळं, म्हणून बजेट ठरवताना हातोडा पडतो त्या रकमेवर जाऊ नका, शेवटच्या बिलावर जा.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सगळं सोपं पडतं, लिलावाच्या आधी नाणी प्रत्यक्ष बघायला ठेवतात तेव्हा जाऊन हातात घेता येतं. तेवढ्यासाठी सुट्टी काढली तरी वसूल आहे. बघायलाच जायचं असेल तर बर्लिनच्या बोडे म्युझियममधलं नाणेदालन आहे, त्यांचा ऑनलाइन कॅटलॉग घरबसल्या बघता येतो, ब्राउनश्वाइगला हेर्त्सोग आंटोन उलरिश म्युझियम आहे, आणि गोस्लारला रेल्वेने उतरून बसने क्लाउसताल-त्सेलरफेल्डला गेलात तर तिथे खाणीचं म्युझियम आहे. नाण्यावरचे डोंगर समोर दिसतात.

भारतात राहून मागवणार असाल तर लिलाव कंपनीला आधीच विचारा की जर्मनीतून बाहेर पाठवायची परवानगी लागते का आणि ती कोण काढणार, आणि आपल्याकडच्या कस्टम्सचे नियम एखाद्या चांगल्या एजंटकडून त्याच महिन्यात तपासा कारण चांदीवरचे नियम आणि ड्यूटी बदलत राहतात. आणखी एक, आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणीही येतात, देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. म्हणजे एकदा भारतात आणलेलं नाणं पुन्हा परदेशात विकायला न्यायचं म्हटलं तर अडचण होऊ शकते. आयातीची कागदपत्रं, मूळ बिल, लिलावाचा लॉट नंबर, सगळं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

सातवी पायरी: घरी आल्यावर

हे मी अगदी कळकळीने सांगतो. घासू नका. आपल्या घरात चांदी काळी पडली की पितांबरी, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काहीतरी घेऊन बसायची सवय असते, आणि पाहुणे यायच्या आधी घरचं कुणीतरी प्रेमाने ते नाणंही चकचकीत करून ठेवेल. साडेतीनशे-चारशे वर्षांत चढलेला तो करडा-निळसर थर एकदा गेला की गेला, किंमत अर्ध्यावर येते आणि त्याहून वाईट म्हणजे पृष्ठभागावर ओरखडे कायमचे राहतात. घरच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

हाताळताना कड दोन बोटांत धरा, खाली जाड मऊ कापड असू द्या, कारण दीड-दोनशे ग्रॅमचं नाणं फरशीवर पडलं तर कडेला खड्डा पडतोच. नेहमीच्या नाण्यांच्या अल्बममध्ये हे मावत नाही, मऊ पीव्हीसीचे कप्पे तर कुठल्याच चांदीला वापरू नयेत, हिरवट चिकट थर येतो. मोठ्या मापाची कडक प्लास्टिकची कॅप्सूल मिळते, मापात बसणारी घ्या, सैल असेल तर आत घासतं. मुंबई-कोकणाकडे दमट हवा, त्यामुळे डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदलत राहा. रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद आणि लोकरीचं कापड लांब ठेवा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

आणि आल्या दिवशीच एक नोंद करून ठेवा: वजन दशांशापर्यंत, रुंदी मिलिमीटरमध्ये, ड्यूक, वर्ष, आद्याक्षरं, ठोकलेला आकडा, कॅटलॉग नंबर, आणि दोन्ही बाजूंचे व कडेचे तिरप्या उजेडातले फोटो. कडेचा फोटो फार थोडे लोक काढतात, पण विमा काढताना आणि उद्या कुणी शंका घेतली तर तोच सगळ्यात जास्त कामाला येतो.